भिंतीवरचं गाव

उत्तर थायलंडमधल्या नान शहरात एक जोडपं तुमचा पिच्छा सोडत नाही. अंगभर गोंदलेला एक पुरुष, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, एक हात शेजारच्या बाईच्या खांद्यावर आणि दुसरा स्वतःच्या तोंडापाशी. तो तिच्या कानात काहीतरी सांगतोय. ती सरळ त्याच्याकडे बघत नाही, पण ऐकतेय हे नक्की. टी-शर्ट, मग, की-चेन, कॅफेची भिंत, हॉटेलची लॉबी, सगळीकडे हे दोघं आहेत. चित्राचं स्थानिक नाव ‘पू मान या मान’. शब्दशः घेतलं तर बर्मी आजोबा आणि बर्मी आजी, कारण तिकडे ‘मान’ म्हणजे बर्मी. पर्यटकांसाठी मात्र त्याचं नाव ‘प्रेमाची कुजबुज’. तो तिला काय सांगतोय यावर एका स्थानिक अभ्यासकाने कविता रचली, आणि आता ती कवितासुद्धा चित्रासोबत विकली जाते.

चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. माझी तक्रार कात्रीबद्दल आहे. हे जोडपं मुळात ‘वत फूमिन’ या देवळाच्या आतल्या भिंतीवर आहे. थाई भाषेत ‘वत’ म्हणजे विहार आणि देऊळ दोन्ही मिळून असलेली जागा. वत फूमिनची स्थापना १५९६ची, आणि आज दिसणारी इमारत १८६७ ते १८७५ या काळातल्या जीर्णोद्धारातली. मधोमध पाठीला पाठ लावून बसलेले चार बुद्ध चार दिशांना बघतात. बाहेरून दोन प्रचंड नाग असे आहेत की जणू अख्खी इमारत पाठीवर घेऊन निघालेत. आणि आतल्या चारही भिंतींवर माणसांची ही गर्दी! बाजार, बोटी, भांडणं, सूत कातणाऱ्या बाया, बंदूकवाले गोरे, धूर सोडणारं जहाज. या गर्दीतून दोनच माणसं उचलून त्यांना ‘रोमँटिक’ ठरवणं म्हणजे एखाद्या जाडजूड कादंबरीतल्या एका वाक्याचा स्टेटस ठेवून कादंबरी वाचल्याचं समाधान मिळवणं.

कात्रीने काय गेलं ते बघू. या भिंतींवर ‘खत्थन कुमार’ नावाची जातककथा आहे. जातककथा म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. खत्थनची गोष्ट बाप नसलेल्या नायकाची आणि त्याच्या शोधाची आहे. देवळाच्या भिंतीवर ती फारशी कुठे रंगवली जात नाही. मग इथेच का? इतिहासकार डेव्हिड वायट यांनी २००४ मध्ये आलेल्या ‘रीडिंग थाई म्युरल्स’ या पुस्तकात या प्रश्नाचं राजकीय उत्तर दिलं. नान हे तेव्हा सयामचं मांडलिक संस्थान होतं. १८९३ मध्ये फ्रेंचांनी सयामवर गनबोटी रोखल्या आणि मेकाँग नदीच्या पूर्वेचा मुलूख घेतला. त्यात नानचाही मुलूख गेला, आणि ज्याने संरक्षण करायचं तो बँकॉकचा राजा काही करू शकला नाही. वायट यांच्या मते भिंतीवरचा पोरका नायक म्हणजे नानच. हे मत सर्वांना मान्य व्हायलाच हवं असं नाही. पण ते एकदा वाचल्यावर भिंतीवरचं जहाज आणि बंदुका नुसत्या ‘क्यूट डिटेल’ राहत नाहीत. आणि त्या कुजबुजीत प्रेमच आहे, हेही तितकंसं नक्की वाटत नाही.

वत फूमिनमध्ये मी तासभर होतो. त्यातला निम्मा वेळ त्या जोडप्यासमोर फोटोसाठी लागलेली रांग बघण्यात गेला. म्हणून दुसऱ्या दिवशी भाड्याची स्कूटर घेतली आणि उत्तरेला, साधारण चाळीस किलोमीटरवरच्या था वांग फा तालुक्यात गेलो. तिथे नोंग बुआ नावाचं गाव आहे. ‘नोंग’ म्हणजे तळं, ‘बुआ’ म्हणजे कमळ. गावाच्या देवळाचं नाव तेच, वत नोंग बुआ. परंपरेनुसार तिथली चित्रं आणि वत फूमिनची चित्रं एकाच हाताची आहेत. थित बुआ फान नावाच्या फुआन समाजातल्या चित्रकाराचं नाव सांगितलं जातं. ‘थित’ ही पदवी भिक्खू होऊन पुन्हा संसारात परतलेल्या माणसाला लावतात. भिंतीवर सही नाही. पण गोल चेहरे, भुवयांची एका रेषेतली कमान, तिरपे डोळे आणि ओठांच्या कोपऱ्यातला तो किंचित खट्याळपणा पाहिला की परंपरेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

नोंग बुआचं देऊळ वत फूमिनसारखं दिमाखदार नाही. रुंद, खाली उतरत आलेलं छप्पर, जाड भिंती. चपला काढून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की समोर बुद्धमूर्ती दिसते, मग आढ्यापासून लोंबणाऱ्या विणलेल्या लांब पताका, आणि सगळ्यात शेवटी भिंती. हा क्रम महत्त्वाचा आहे. म्युझियममध्ये चित्रावर दिवा असतो आणि आपण अंधारात. इथे चित्रंच अंधारात बसलेली आहेत आणि आपल्याला त्यांच्याकडे जावं लागतं. फोनचा कॅमेरा इथे लवकर हरतो. फोटोत एक तर तपकिरी धुरकटपणा येतो किंवा दाराचा पांढरा चौकोन. जमिनीवर बसून हळूहळू मान फिरवत राहणं, एवढाच उपाय उरतो.

हे गाव थाई लू लोकांचं. त्यांचं मूळ आजच्या चीनमधल्या युन्नान प्रांताच्या दक्षिणेला, सिपसोंगपन्ना भागात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले अनेक जण नानच्या मुलखात आले. ‘आले’ हे क्रियापद इथे जरा भाबडं आहे. त्या काळात उत्तरेकडचे राजे युद्धानंतर जमिनीपेक्षा माणसं पळवून आणत, कारण जमीन भरपूर होती आणि कसणारे हात कमी. काही लोक स्वतःहून आले, काहींना आणलं गेलं. नोंग बुआत आजही दर तीन वर्षांनी ‘चाओ लुआंग मुआंग ला’ या मूळ गावच्या रक्षक पुरुषाची पूजा होते. म्हणजे देवळात बुद्ध आहे आणि गावाच्या आठवणीत मागे राहिलेल्या गावाचा राखणदार. आपल्याकडच्या खंडोबा-म्हसोबाशी याची तुलना करायचा मोह होतो, पण फरक आहे. हा राखणदार अशा गावाचा आहे, जे आता नकाशात दुसऱ्या देशात आहे.

अशा लोकांच्या देवळात रंगवलेली गोष्ट आहे ‘चंथखात’ जातकाची. दोन गरीब भाऊ, घर सोडून निघालेले. त्यांना मेलेल्याला जिवंत करणारं झाडाचं औषध सापडतं. त्याच्या जोरावर मोठा एका राजकन्येला उठवतो, धाकटा पुढे निघतो. मग ताटातुटी, समुद्र, संकटं, लग्नं आणि शेवटी राज्य. पाली भाषेतल्या अधिकृत संग्रहात ५४७ जातकं आहेत. त्यांत ही गोष्ट नाही. ती ‘पञ्ञास जातक’ या वेगळ्या संग्रहातली आहे. ‘पञ्ञास’ म्हणजे पन्नास, आपलाच शब्द. हा संग्रह उत्तर थायलंडच्या परिसरात, बहुधा तिथल्या लोककथा जातकाच्या साच्यात घालून तयार झाला. बर्मी लोक त्याला ‘झिम्मे पञ्ञास’ म्हणतात, आणि झिम्मे म्हणजे चियांग माई. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मूळ रिपॉझिटरीचा फोर्क. काही पंडितांना असे फोर्क खपत नाहीत. मला मात्र यातच या देवळाचं मर्म दिसतं. घर सोडून निघालेले गरीब भाऊ, हीच गोष्ट उठून आलेल्या लोकांनी निवडली. राजाच्या सांगण्यावरून निवडली की स्वतःहून, हे भिंत सांगत नाही. पण ती गोष्ट कोणाच्या गावात घडते, हे भिंत मोठ्याने सांगते.

गोष्ट घडते नोंग बुआत. राजवाडे आहेत, त्यांची छपरं टोकदार आणि दरबारी लोक मुकुटवाले, नाटकातल्यासारखे ताठ. ते बँकॉकच्या शैलीची नक्कल करतात आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणे आहेत. चित्रकाराचा हात मोकळा होतो तो राजवाड्याच्या भिंतीबाहेर. तिथे मांडीपासून गुडघ्यापर्यंत काळं गोंदण असलेले पुरुष उकिडवे बसलेत. बाया पाण्याला निघाल्यात. कोणी बाळाला कडेवर घेतलंय, कोणी विडी ओढतंय, कोणी दुसऱ्याचं भांडण बघत उभं आहे. मुख्य प्रसंगात नायक काहीतरी अचाट करत असतो आणि शेजारच्या दोन बाया त्याच्याकडे पाठ करून आपल्या गप्पांत असतात. मला हे फार आवडलं. पुराणातल्या चमत्काराच्या वेळीही गावाला आपली कामं असतात, हे ज्याला कळतं तो मोठा कलाकार.

प्रसंग एकापुढे एक ओळीने येत नाहीत. कुठे झाडाने, कुठे तटबंदीने, कुठे नदीने दोन प्रसंग वेगळे केलेत. तोच नायक एका भिंतीवर चार-पाच वेळा दिसतो. आपल्याला वरून खाली स्क्रोल करायची सवय, म्हणून पहिली दहा मिनिटं चिडचिड होते. मग लक्षात येतं की ही गोष्ट ज्यांच्यासाठी काढली त्यांना ती आधीच पाठ होती. भिंतीने ती नव्याने सांगायची गरज नव्हती. उपोसथाच्या दिवशी प्रवचन ऐकताना डोळे जिथे जातील तिथे गोष्टीचा एखादा तुकडा आणि त्या तुकड्यात आपल्यासारखं कोणीतरी सापडावं, एवढंच तिचं काम.

आपल्यासारखं कोणीतरी, हे सगळ्यात जास्त कपड्यांत दिसतं. भिंतीवरच्या बायांच्या लुंगीसारख्या वस्त्राला ‘सिन’ म्हणतात. त्यावरचे आडवे पट्टे चित्रकाराने एवढ्या निगुतीने काढलेत की विणकर बाई नुसतं बघून माग लावेल. याच भागातलं ‘नाम लाय’ म्हणजे वाहत्या पाण्याचं नक्षीकाम प्रसिद्ध आहे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी लाट. देवळाजवळच्या मागांवर आजही ते विणलं जातं. देवळात लोंबणाऱ्या पताकाही, ज्यांना ‘तुंग’ म्हणतात, बाया पुण्यासाठी विणून देतात. म्हणजे या एका खोलीत दोन कला आहेत. एकीच्या कर्त्याचं नाव परंपरेने जपलं, त्याच्यावर लेख लिहिले जातात. दुसरीच्या कर्त्या बाया होत्या, त्यांची नावं कोणी विचारली नाहीत. आणि पहिल्या कलेचं निम्मं सौंदर्य तर दुसरीकडून उसनं आणलेलं आहे! वत नोंग बुआवर लिहिणारे चित्रकाराच्या रेषेबद्दल भरभरून बोलतात. ती रेष मागावरच्या धाग्याकडून शिकली, हेही लिहायला हवं.

आता माझी खरी अडचण. मी आंबेडकरी घरात वाढलो. आमच्याकडे बुद्ध १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आला. तो चमत्कार करत नाही. त्याच्या आसपास इंद्र, ब्रह्मा कोणी नसतात. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मीचं दुःख या कल्पनेला थेट हात घातला, कारण ती कल्पना गरिबाला त्याच्या गरिबीचा गुन्हेगार ठरवते. आणि जातककथांचा पायाच मागचे जन्म. थाई भित्तिचित्रांत हिरव्या अंगाचा इंद्र नेहमी नायकाच्या मदतीला येतो. चंथखातच्या गोष्टीत गरीब भाऊ राजे होतात, गरिबी मात्र जागच्या जागी राहते. राजवाड्याबाहेर उकिडवे बसलेले गोंदलेल्या पायांचे लोक शेवटच्या प्रसंगातही राजवाड्याबाहेरच असतात. नायकाला बायका मिळत जातात, बक्षिसासारख्या. हे सगळं ‘त्या काळचं’ म्हणून सोडून देणं मला जमत नाही. चित्र कितीही जिवंत असो, गोष्टीचा निष्कर्ष राजाच्या सोयीचा आहे.

देवळाची देखभाल करणाऱ्या एका आजींनी भाषांतराच्या अ‍ॅपवर मला कुठून आलास ते विचारलं. ‘इंडिया’ म्हटल्यावर त्यांनी चटकन हात जोडले आणि म्हणाल्या, “फुत्थफूम!” म्हणजे बुद्धभूमी. त्यांना बोधगयेला जायचं होतं. गावातली काही माणसं जाऊन आली होती. त्यांच्या दृष्टीने मी मूळ ठिकाणाहून आलेलो, अडीच हजार वर्षांचा वारस. आता अ‍ॅपवर त्यांना काय सांगणार होतो? माझ्या आजोबांच्या आधी आमच्या घरात बुद्ध नव्हता, आणि तुमच्या देवळातल्या भिंती आमच्या घराच्या बुद्धापेक्षा जुन्या आहेत, हे वाक्य टाइप केलं आणि पुसलं. नुसतं ‘हो’ म्हटलं. आजींनी एका भिंतीकडे बोट दाखवलं, तिथल्या एका बाईच्या सिनकडे, आणि मग स्वतःच्या सिनकडे. अ‍ॅपची गरज पडली नाही.

त्या बोटाने माझ्या तक्रारीला उत्तर दिलं नाही. पण प्रश्न बदलला. भिंतीवरच्या गोष्टीचा निष्कर्ष कोणाच्या सोयीचा, हा एक प्रश्न. भिंतीवर जागा कोणाला मिळाली, हा दुसरा. पहिल्यात नोंग बुआ नापास होतं. दुसऱ्यात ते इतकं पुढे आहे की आपल्याकडे त्याच्या जवळपास काही आठवत नाही.

आठवायला गेलो तर पहिल्यांदा अजिंठा आठवतो. जातककथांच्या चित्रांचा विषय मराठी माणसाकडे काढा, तो अजिंठ्यापलीकडे जात नाही, आणि बरोबरच आहे. सतरा क्रमांकाच्या लेण्यातलं विश्वंतर जातक जगातल्या मोठ्या चित्रांपैकी एक आहे. पण अजिंठा तिकीट काढून बघायची जागा आहे. तिथे कोणी उपोसथाला येऊन बसत नाही. तिथल्या भिंतींवरही सामान्य माणसं आहेत, नोकर, परदेशी, भिकारी. मात्र त्या भिंतींकडे बोट दाखवून ‘हे लुगडं माझं’ म्हणणारं आज कोणी उरलेलं नाही. परंपरा मधे तुटली. अजिंठ्याचं मोठेपण मान्य करतानाच ही तुटही मान्य करावी लागते. वारसा म्हणून आपण जे मिरवतो ते बरंचसं रिकामं घर आहे.

जी घरं भरलेली आहेत, म्हणजे आपल्या वस्त्यांमधले विहार, त्यांच्या भिंती बघा. मूर्ती अनेक ठिकाणी थायलंडहून दान आलेली असते. टोकदार उष्णीष, लांब बोटं, सोनेरी झळाळी. मूर्ती सुंदर असते आणि दान देणाऱ्यांबद्दल कृतज्ञताही आहे. पण मी पाहिलेल्या विहारांत भिंतीवर बहुतेक वेळा फ्लेक्स प्रिंट असते. बुद्धजन्म, गृहत्याग, धम्मचक्रप्रवर्तन, सगळं इंटरनेटवरून उतरवलेलं. त्यातले लोक गोरे, रेशमी, कुठल्याच गावचे नसलेले. त्यात नऊवारी नेसलेली आई नाही. गिरणीतून परतलेला बाप नाही. चवदार तळ्यावर ओंजळ भरणारे हात असतील तर ते वेगळ्या फ्रेममध्ये, बुद्धाच्या गोष्टीबाहेर. ज्या धम्माने आम्हाला माणूस म्हणून उभं केलं, त्याच्या भिंतीवर आम्ही प्रेक्षक आहोत.

यावर कोणी म्हणेल, आपला धम्म विवेकाचा आहे, त्याला चित्रांची गरज काय? मग गाण्यांची का लागली? वामनदादा कर्डकांपासून आजच्या पोरांच्या रॅपपर्यंत हजारो गाण्यांत बुद्ध आणि भीम आपल्या बोलीत, आपल्या चालीवर, आपल्या चाळीत येऊन बसले. त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही. कोणत्या अधिकृत ग्रंथात ते बसतं का, हेही विचारलं नाही. पञ्ञास जातकवाल्यांनी जे गोष्टीचं केलं, थित बुआ फानने जे भिंतीचं केलं, तेच आपल्या शाहिरांनी आणि गायकांनी शब्दाचं केलं. आणि त्यांनी निष्कर्षही बदलला. त्या गाण्यांत गरीब माणूस राजा होत नाही, तो राजाला जाब विचारतो. म्हणजे नोंग बुआच्या भिंतीत मला जे कमी वाटलं ते आपल्या गाण्यांत आहे, आणि आपल्या भिंतींत जे कमी आहे ते नोंग बुआत.

म्हणून वत नोंग बुआबद्दल ‘ऑफबीट डेस्टिनेशन’ किंवा ‘हिडन जेम’ असं लिहिलेलं वाचलं की मला कसंतरी होतं. ते कुठेही लपलेलं नाही. शंभराहून जास्त वर्षं एका गावाने ते रोज वापरलंय. खालच्या पट्ट्यात रंग उडालाय, काही चेहरे ओलीने पुसट झालेत. रंग कोरड्या गिलाव्यावर लावलेले आहेत, अजिंठ्यासारखेच, त्यामुळे ओल हा त्यांचा शत्रू. ती चित्रं जपायलाच हवीत. पण वत फूमिनच्या जोडप्यासारखं त्यातलं एखादं पात्र कापून उद्या टी-शर्टवर आलं, तर जपल्यासारखं दिसेल आणि जाईल मात्र सगळं. भिंत जपायची म्हणजे चित्र आणि त्याच्याकडे बोट दाखवू शकणारी माणसं, दोन्ही एका खोलीत राहायला हवीत.

आपल्याकडे तशी माणसं भरपूर आहेत. भिंतीही आहेत. गावोगावच्या आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेली, सध्या लग्नाच्या बॅनरचं डिझाइन करणारी पोरंही आहेत. विहाराच्या पुढच्या रंगकामाच्या वेळी फ्लेक्सच्या दुकानात जाण्याआधी त्यांच्यापैकी एकाला ब्रश देऊन बघायला काय हरकत आहे? गृहत्यागाच्या प्रसंगात, महालाच्या भिंतीबाहेर, पाण्याचा हंडा घेऊन उभी असलेली आपल्या गल्लीतली एक बाई काढली, तर बुद्ध रागावणार नाही.